ठशाखालच्या ओळी

हे मी सांगायचं नव्हतं. छापखान्यातलं बाहेर बोलू नकोस, असं आत्यानं बजावलंय. पण गोष्ट जुनी आहे, संगणकातली अक्षरं माणसांशी बोलत तेव्हाची.

एका छापखान्यात दोन फॉन्ट राहत. जाडजूड ठसा आणि त्याची सडपातळ बहीण बारीक. गावच्या वाचनालयाचा अंक निघायचा होता. ठसा म्हणाला, "मथळेही माझे, मजकूरही माझा. तुला कोण बघणार गं, मुंगीचे पाय!" अक्षरं लावणाऱ्या नलूताईंना त्याचा रुबाब आवडला. त्यांनी बारीकला काढून टाकायचंच ठरवलं.

"एक पान मला द्या," बारीक म्हणाली. "मग खुशाल काढा."

प्रुफं तपासायला दिगंबरकाका आले. ते ओळीखाली नख ठेवून मोठ्यानं वाचत. ठशाच्या पानावर तिसऱ्याच ओळीत नख अडलं. लहान आकारात त्याचे उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्यांत घुसले होते आणि अक्षरांच्या पोकळ्या शाईनं बुजल्या होत्या. "हे वाचू की सोडवू?" काका वैतागले. बारीकच्या पानावर मात्र नख सरसर शेवटपर्यंत गेलं.

"मग मथळेही बारीकचेच करू," नलूताई म्हणाल्या.

ठसा मान खाली घालून उभा होता.

"नको," बारीक ठामपणे म्हणाली. "गोष्ट कुठे सुरू होते, ते लांबून दिसायला हवं. ते काम दादाचं."

तेव्हापासून ठसा वर असतो. खाली काय लिहिलंय, असं कुणी विचारलं, की तो वाकून म्हणतो, "ते मला नाही, आमच्या बारीकला—"

आले हं, आत्या!