कानशिलावरचा शेंदूर

पूर्वी कर्णावती नगरात धनुर्वर्मा राजाचं राज्य होतं, तेव्हा बोधिसत्त्व त्याच्या हत्तीशाळेचा प्रमुख होता.

हत्ती मदाला येऊ लागला की त्याची कानशिलं पाझरतात. तेव्हा त्याला साखळीनं जखडून एकटं ठेवायचं, एवढाच उपाय. पण त्या हत्तीशाळेची रीतच उफराटी. सणाच्या तोंडावर ज्याचा हत्ती मदाला येई, त्या माहुताचा अंकुश चारचौघांत मोडत आणि त्याला घरी बसवत. जणू मद त्यानंच आणला! मग माहूतही शहाणे झाले. पाझर पुसायचा आणि वर शेंदूर थापायचा.

बोधिसत्त्वानं राजाला विनवलं, "महाराज, ही रीत मोडा. हल्ली माझ्यापर्यंत वाईट बातमी येतच नाही, त्याचीच भीती वाटते."

"बातमी नाही म्हणजे सगळं ठीक आहे," राजा हसून म्हणाला. "धाक गेला तर हे लोक डोक्यावर बसतील."

सणाच्या सकाळी कंदरक माहुताला आपल्या मेघमुख हत्तीची कानशिलं ओली दिसली. घरात लेकरं, म्हातारा बाप. अंकुश गेला तर खायचं काय? त्यानं शेंदराचा हात दाट फिरवला.

"हत्ती बरा आहे ना रे?" बोधिसत्त्वानं विचारलं. "शेंदूर जास्त झालाय आज."

"सण आहे ना, मालक."

बोधिसत्त्वानं पुसून बघायला हात उचलला, तेवढ्यात मिरवणुकीचे नगारे वाजले. तो पुढे गेला.

बाजाराच्या वळणावर मेघमुख बिथरला. त्याला रोज ऊस भरवणारा कंदरकाचा बाप धावला. "मेघा, अरे मेघा, मी आहे रे!" असं तो ओरडत राहिला. हत्तीनं त्याला ओळखलं नाही. त्यानं त्याला पायाखाली घेतलं.

मेघमुखाला कसंबसं जखडलं. मिरवणूक थांबली होती. राजा गरजला, "या माहुताचे हात तोडा!"

बोधिसत्त्वानं आपला अंकुश राजापुढे ठेवला. "महाराज, शेंदूर यानं फासला, खरं आहे. पण त्याखाली बघायचं काम माझं होतं, आणि खरं सांगणाऱ्याला घरी बसवायची रीत आपली. आधी माझा अंकुश मोडा."

राजानं रागाच्या भरात तो मोडला. "याचे हात राहू द्या. आणि तू चालता हो!"

बोधिसत्त्व निघाला. ते पाहून एका म्हाताऱ्या माहुताला राहवलं नाही. त्यानं घागरभर पाणी आणून आपल्या हत्तीचं कानशील धुतलं. शेंदूर गेला तरी ते ओलंच राहिलं, आतून पाझरत होतं. तो हत्ती राजाच्या स्वारीचा होता.

राजाचा चेहरा उतरला. त्यानं रीत मोडली, बोधिसत्त्वाला परत बोलावलं. कंदरकाचा बाप मात्र कुठून परत यायचा?

एवढं सांगून शास्ते, भगवान बुद्ध, थांबले. समोर विहाराचा कडक प्रमुख नंदिसेन होता आणि मागे मान खाली घालून औषधं सांभाळणारा भिक्षू सुदंत.

"तो राजा म्हणजे आजचा नंदिसेन," शास्ते म्हणाले. "कंदरक म्हणजे सुदंत, आणि हत्तीशाळेचा प्रमुख मी. खरं बोलणाऱ्याला अभय देणं, हे मोठं दान. त्या जन्मी मला ते द्यायला उशीर झाला."

सुदंत उठला. "भन्ते, आजारी भिक्षूला सकाळी मी चुकीचा काढा दिला."

सगळे नंदिसेनाकडे बघू लागले. त्यानं सुदंताचा हात धरला आणि दोघं आजाऱ्याच्या खोलीकडे धावले.