गोदाक्काचा गुडघा

चिमण्यांनाही राजदरबारी मान होता, अशा काळी एका राजबागेत सगुणा नावाची नऊ वर्षांची मुलगी राहत होती. बागेच्या मागच्या कोपऱ्यात तिचं इवलंसं घर. बाबा तिथले योगगुरुजी. पण पावसाळ्यात ताप आला आणि जाताना बाबांच्या पायांतलं बळच घेऊन गेला. आता बाबा खाटेवर, चुलीवर पेज, आणि वर्ग सगुणाच्या गळ्यात.

राजबागेची एक रीत होती. वसंतपंचमीला राणीसाहेब चांदीच्या झारीने बकुळीला पाणी घालत. झारी रिकामी होईपर्यंत योगवर्गातल्या सगळ्यांनी झाडासारखं उभं राहायचं. एक जरी पडला, तरी वर्ग दुसऱ्या गुरुजींकडे जायचा, आणि वर्गाबरोबर घरसुद्धा!

“मी कुणालाही पडू देणार नाही,” सगुणा म्हणाली. तिने एकदा म्हटलं की म्हटलं.

सगळ्यांना जमलं, जमेना ते फक्त गोदाक्का फुलारणीला. तिचा उजवा गुडघा लाकडासारखा ताठ. पाय उचलायला जावं, तर म्हातारी निघालीच खाली!

पंचमी दोन दिवसांवर आली. सकाळी सगुणा बकुळीखाली एकटीच पाय घट्ट रोवून उभी होती. डोळ्यांत पाणी, पण पाय हलेना. तेवढ्यात बकुळीच्या फुलातून रुणझुण झाली आणि करंगळीएवढी परी बाहेर आली. पंख मोरपिशी, झगा केशरी, केसांत दवाचे चिमुकले मोती.

“किती गं हट्टी तू!” परी हसली. “घे या दोन सोनपाकळ्या. एका पाकळीला एक इच्छा. नियम एकच. दुसऱ्यासाठी मागशील, तर आधी त्याला विचारायचं आणि तो सांगेल तेच मागायचं.”

एक पाकळी गोदाक्कासाठी, म्हणजे घर वाचेल. दुसरी बाबांच्या पायांसाठी. सगुणाने मनात पक्कं केलं. तेवढ्यात गोदाक्का लंगडत आली. आता हिला विचारायचं काय? शिकवणाऱ्याला कळतंच की!

“गोदाक्काचा गुडघा वाकू दे!”

वाकला की! पाऊल सर्रकन वर गेलं, मांडीला चिकटलं आणि खाली येईचना. गोदाक्का बगळ्यासारखी एका पायावर उभी, फुलांची टोपली उपडी, शेवंती सगळीकडे.

“अगं माझे बाई, विचारायचंस तरी!” गोदाक्का कळवळली. “मला कुठं झाड व्हायचंय? गजरे विकत फिरताना धाप लागायची. तू शिकवलेल्या श्वासानं ती गेली. मी येते ती त्यासाठी.”

सगुणाचा चेहरा पडला. पावसाळ्यापासून ती गोदाक्काचा गुडघाच बघत होती, गोदाक्काला तिने बघितलंच नव्हतं. मुठीत दुसरी पाकळी होती. बाबांची. तिने मूठ उघडली.

“गोदाक्का, तुला काय हवंय?”

“माझा जुना गुडघा दे बाई. ताठ तर ताठ.”

सगुणाने तेच मागितलं. पाकळी विझली आणि पाय खाली आला. मग सगुणा शेवंती वेचू लागली.

“आणि पंचमीला गं?” तिने हळूच विचारलं. “तुला कसं जमेल?”

“दोन पायांवर,” गोदाक्का म्हणाली. “शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवून. मोगऱ्याची वेल मांडवाला धरूनच उभी राहते ना?”

पंचमीला सगळे एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवून गोल उभे राहिले. बाकीचे एका पायावर, गोदाक्का दोन्ही पायांवर. दिवाणजी ओरडले, “हे झाड नव्हे!”

“वेल आहे!” सगुणा मान वर करून म्हणाली. “आमच्या बागेत वेलही आहे.”

राणीसाहेब हसल्या. झारीची धार बारीक बारीक होत गेली. मधेच वर्गातला धाकटा सुतार डगमगला, तर त्याला सावरलं कुणी? गोदाक्काच्या हाताने! शेवटचा थेंब पडला. कुणीही पडलं नव्हतं. घर वाचलं!

सगळे पांगल्यावर परी आली आणि तिने आपल्या केसांतून आणखी एक, तिसरी सोनपाकळी काढली. “नियम सांगू पुन्हा?”

“नको,” म्हणत सगुणा घराकडे धावलीसुद्धा. “बाबा, तुम्हाला काय हवंय?”

बाबा म्हणाले, “पोरी, तुझ्या वर्गात शेवटच्या रांगेत बसायचंय. शिकायला.”

सगुणाने अगदी तेच मागितलं. खिडकीत सोनेरी, गुलाबी, निळा उजेड फुलला, आणि त्या उजेडातच परी विरून गेली.

दुसऱ्या दिवशी बाबा काठी टेकत, पण आपल्या पायांनी वर्गात आले आणि गोदाक्काशेजारी बसले. सगुणा त्यांच्यासमोर वाकली.

“बाबा, आज तुम्हाला काय काय जमेल?”

बाबांचे डोळे भरून आले. वीस वर्षं त्यांनी शिकवलं होतं, पण हा प्रश्न त्यांनी कधी कुणाला विचारला नव्हता.