सुनेचं रक्त

एका माळावर एक वाडी होती आणि त्या वाडीत हुलवानांचं घर होतं. शेळ्या-मेंढ्या राखून खाणारं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्या घराला एक दुखणं चिकटलं होतं. तिशी आली की माणसाला सांजेचा ताप चढायचा, रात्री घामाने अंथरूण भिजायचं, मग दुखणं कंबर धरायचं. चाळिशीत माणूस काठी टेकत चालू लागायचा. आजा असाच गेला, चुलते असेच वाकले. शेजारची घरं मात्र ठणठणीत होती. तेव्हा वाडीने निकाल देऊन टाकला होता, की हुलवानांचं रक्तच वाईट.

ही बातमी शहरातल्या एका संशोधन संस्थेत पोहोचली. तिथे डॉक्टर वासंती नाईकनवरे काम करत. आईबापांकडून मुलांत उतरणाऱ्या आजारांचं मूळ जनुकांत शोधायचं, हा त्यांचा अभ्यास. बाई हुशार होत्या, कष्टाळू होत्या आणि आपण चुकत नाही अशी त्यांची खात्री होती. ही तिसरी गोष्ट पहिल्या दोन्हींना कधी खाऊन टाकते ते कळत नाही, पण एवढ्या मोठ्या बाईंना हे सांगणार कोण?

वासंतीबाई वाडीवर आल्या. ओसरीवर त्यांनी मोठा कागद पसरला आणि हुलवानांची वंशावळ मांडली. ज्याचा जन्म या घरात झाला त्याचंच रक्त घ्यायचं, असा त्यांचा नेम. सुना दुसऱ्या घराण्यातून आलेल्या, त्यांचं इथे काय काम? लग्न होऊन गेलेल्या लेकींना मात्र त्यांनी मुद्दाम बोलावून घेतलं. त्या सगळ्या धडधाकट निघाल्या. बाईंनी त्यांच्या नावापुढे ‘निरोगी’ असं लिहिलं आणि पुढे गेल्या.

दिवस रविवारचा होता. रविवारचं पहिलं दूध देवापुढे ठेवायचं आणि सगळ्या घराने तसंच, कच्चं प्यायचं, ही त्या घराची रीत. देवाचं दूध चुलीवर चढवलं तर पाप लागतं, असं ते मानत. बाईंपुढेही वाटी आली. त्यांनी ती हात जोडून परत केली. त्यांच्या कागदावर दुधासाठी रकाना नव्हता, म्हणून त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

वाटी घेऊन आली होती ती धाकटी सून हौसा. लग्नाला चार वर्षं झालेली, वय जेमतेम पंचविशीचं, आणि चालताना एक पाय ओढत होती. ती खालच्या आवाजात म्हणाली, “बाई, माझं बी रगत घ्या की. मला बी सांजचा ताप येतोय. कंबर तर उठू देत न्हाई.”

वासंतीबाईंनी कागदावरून मान वर केली नाही. “तू बाहेरून आलेली. हे दुखणं या घराच्या रक्तातलं आहे. तुला ते होऊच शकत नाही.”

हौसाची सासू ठकुबाई दारात उभी होती. तीही कमरेत वाकलेली होती, पण तिचं दुखणं तिने आणि बाईंनीही वयावर घातलं होतं. तिने बाईंचं वाक्य नीट ऐकलं.

शहरात परतून बाईंनी ते रक्त तपासलं. आजारी माणसांच्या जनुकांत एक सारखा बदल सापडला. आता एका घरच्या माणसांत काहीतरी सारखं सापडणारच, त्यांची नाकंही सारखीच असतात. पण बाईंना जे हवं होतं ते मिळालं होतं. त्यांनी निबंध लिहिला, तो नावाजला गेला, मोठा सत्कार ठरला. वाडीवर एक पत्रही गेलं, की दुखणं घराण्याचं आहे आणि त्यावर औषध नाही.

त्याच संस्थेत वरच्या मजल्यावर डॉक्टर इनामदार साथीच्या रोगांचे जंतू शोधत. जनुकं वाचताना रक्तात जे माणसाचं नसेल ते गाळून टाकायचं, अशी बाईंच्या विभागाची पद्धत. इनामदारांनी आपल्या कामासाठी तो टाकलेला गाळ मागून घेतला. मग उरलेलं रक्तही आपल्या पद्धतीने तपासलं, आणि एका दुपारी ते जिना उतरून खाली आले.

“वासंतीबाई, तुमच्या हुलवानांच्या रक्तात शेळ्यांच्या तापाचे जंतू आहेत. ही माणसं कच्चं दूध पितात का?”

बाईंना ती वाटी आठवली. मग सगळंच उलगडलं. लेकी सासरी जात, त्यांचं ते दूध सुटे आणि त्या धडधाकट राहत. सुना माहेरून चांगल्या येत आणि इथे येऊन झिजत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशातली गत झाली होती.

“सहा-आठ आठवडे गोळ्या घेतल्या की माणूस बरा होतो,” इनामदार म्हणाले. “पण आजच कळवा. जंतू काळजात शिरला तर माणूस हाती लागत नाही.”

“कळवते,” बाई म्हणाल्या.

इनामदार निर्धास्त होऊन वर गेले. बाईंनी फोन उचलला आणि खाली ठेवला. सत्काराला वीस दिवस होते. आज सांगितलं तर सत्कार तर जाईलच, वर चारचौघांत हसंही होईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि जी माणसं पिढ्यान् पिढ्या दुखणं काढताहेत त्यांचं वीस दिवसांत काय वाईट होणार? आपण स्वतः जाऊ, औषध घेऊन जाऊ, नीट समजावून सांगू. माणूस स्वतःची समजूत किती प्रेमाने घालतो, ते पाहण्यासारखं असतं.

सत्कार झाला. शाल आली, श्रीफळ आलं, टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी वासंतीबाई गोळ्यांची खोकी गाडीत घालून वाडीवर गेल्या.

ओसरीवर घरातली माणसं बसली होती. हौसाचा नवरा बिरू डोकं भादरून भिंतीला टेकला होता. हौसाला जाऊन सहा दिवस झाले होते.

बाईंनी विचारलं, “दवाखान्यात नेलं नाहीत?”

ठकुबाई सावकाश बोलली. “तुमीच म्हनला व्हता, सुनंला हे व्हत न्हाई. मग मला वाटलं, कामाचा कटाळा आलाय हिला. तापात बी मी तिला शेळ्यांमागं धाडत व्हते. न्हाई म्हनायची न्हाई ती. परवाच्या बुधवारी माळावरच पडली. छातीत कळ आली म्हनली, तेवढंच.”

बाईंनी गोळ्यांची खोकी पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. रक्ताचा दोष नाही, दुधाचा आहे, दूध उकळून प्यायलं आणि या गोळ्या घेतल्या की घर बरं होईल.

ठकुबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, “तुमाला हे कदी कळलं?”

वासंतीबाईंना खोटं बोलता आलं असतं. त्या वाडीवर खरं-खोटं करणारं कुणी नव्हतं.

“एकवीस दिवस झाले,” त्या म्हणाल्या.

“तवा कळवलं असतं तर?”

“बहुतेक वाचली असती.”

बिरूने मान वर केली, बाईंकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. ठकुबाई उठली आणि भिंतीचा आधार घेत आत गेली. तिच्या वाटणीची खोकी ओसरीवरच राहिली. पुढे घरातली बाकीची माणसं बरी झाली, काठ्या सुटल्या. ठकुबाईने मात्र शेवटपर्यंत एकही गोळी घेतली नाही. कुणी आग्रह केलाच तर म्हणायची, “जिला द्यायची तिला दिली न्हाई, आता मला कशापायी?”

वासंतीबाईंनी आपली चूक छापून जाहीर केली, सत्काराची शाल परत पाठवली. लोक म्हणाले, केवढा हा प्रामाणिकपणा. ते ऐकलं की बाई उठून दुसऱ्या खोलीत जात.

तात्पर्य: जे आपण तपासलंच नाही ते ‘होऊच शकत नाही’ असं म्हणू नये, आणि चूक कळली की ती कबूल करायला आपला सोयीचा दिवस पाहू नये, कारण ते दिवस दुसऱ्याच्या आयुष्यातून जातात.