कमानीवरचं नाव

“सर, मग सर्वांत वर काय लिहू? शिक्षण, संशोधन की नवनिर्मिती?”

कुलगुरू डॉ. पुंडलिक साळगर ताठ बसून विचारत होते. ओसाड माळावर त्यांनी तीन देखण्या इमारती उभ्या केल्या होत्या. उद्या विद्यापीठाच्या कमानीचं उद्घाटन, आणि तिन्ही विभागप्रमुख हटून बसलेले. आपलं नाव खाली गेलं तर समारंभाला यायचंच नाही, असं प्रत्येकाने बजावलं होतं.

साळगरांचे म्हातारे गुरू, निळकंठ सर, चुलीवर तवा तापवत होते.

“संशोधक जे शोधतात, ते वर्गात कोण शिकवतं?”

“ते त्यांचं काम नाही, सर.”

“आणि नवी अवजारं घडवणारे? त्यांना ते कोण सांगतं?”

“त्यांची इमारत स्वतंत्र आहे. वातानुकूलित!”

“वा.”

…

सरांनी ज्वारीच्या पिठाची परात पुढे सरकवली.

“भूक लागलीय. थाप एक.”

साळगरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. भाकरी त्यांना आईने शिकवलेली. बाह्या सारून त्यांनी माठातलं पाणी घेतलं, पीठ मळलं, थापायला बसले.

भाकरी कडेने चिरली. मग मधोमध. उचलायला गेले, तर हातात नुसते तुकडे.

“का रे, कुलगुरूंचं शिक्षण कमी पडलं?”

“पीठ जुनं आहे, सर!” साळगर चिडले. “विरी गेलीय त्याची. एकजीव कसं होणार? याला उकळतं पाणी लागतं.”

“मग घे की. मी काय अडवलंय?”

साळगरांनी चुलीच्या बाजूच्या वैलावर उकळत असलेलं तपेलीतलं पाणी पिठात ओतलं. बोटं भाजली, तरी मळत राहिले.

या वेळी भाकरी अखंड उतरली आणि तव्यावर टम्म फुगली.

“बघा!” साळगर म्हणाले. डॉक्टरेट मिळाली तेव्हाही त्यांची छाती एवढी फुगली नव्हती.

सर सावकाश जेवले…

“कमानीचं राहिलंच, सर. त्या तिघांचं मी बघतो. पण विद्यापीठाचं नाव तरी ठसठशीत हवं ना? ते कुठे लिहू?”

सरांनी उरलेली चतकोर त्यांच्या तळहातावर ठेवली.

“तू ओतलेलं पाणी यात कुठे आहे, ते दाखव. तिथे लिही.”