तातू मेस्त्रीचा चर

डोंगराला अजून रस्ता शिवला नव्हता, तेव्हाची गोष्ट. बेलसुरे गावात तातू मेस्त्री नावाचा सुतार होता. बोलायचा थोडं, हसायचा त्याहून थोडं. पंचक्रोशीत लाकूड कापायची, दातेरी साखळीची पेट्रोलवरची मशीन त्याच्या एकट्याकडे होती.

गावाला पाणी नव्हतं. बाया नदीवरून घागरी चढवायच्या. एकदा तातूची सून शेवंती, पोटात सहा महिन्यांचं मूल, चढणीवर घसरली. मूल वाचलं. तातूने मशीनवर हात ठेवला आणि म्हणाला, "बाळ पाळण्यात निजायच्या आधी दारात पाणी आणीन."

पाणी होतं वरच्या वाडीच्या झऱ्यात. गावाने नळ आणून ठेवले होते, पण ते पुरायचे वरच्यांच्या गवताच्या रानातून. तिथला धाकू गावकर म्हणाला, "पाणी घ्या. पण गुरं एकच दिवस बांधून ठेवीन. त्या दिवशी सूर्य उगवल्यावर चर उघडायचा, मावळायच्या आत बुजवायचा. उघड्या चरात माझी गाय पाय मोडून मेली आहे." सातशे पावलांचं रान, आणि कुदळीला आठ दिवसांचं काम.

तातूने मशीन जमिनीला लावली. दोन हात गेली आणि मुरमाने साखळीचे दात खाल्ले. वरच्या वाडीने तातूची चेष्टा केली. कुणी विचारलं, जमीन आता फळ्या देणार का?

तातू मशीन घेऊन घरी आला. शेवंतीने आपला माहेरचा विळा त्याच्यापुढे टाकला. "मामंजी, ह्याचं पातं घ्या. एवढी वर्षं गवताबरोबर मातीच खातोय तो."

सांजेपर्यंत घराघरातून विळे आले. तातूने पाती तोडली, भट्टीत लाल केली, साखळीवर एक दात डावीकडे झुकता, एक उजवीकडे, असे ठोकून बसवले. म्हणजे चर नळापुरता रुंद व्हावा.

ठरल्या दिवशी मशीन सुरू झाली. हजार मधमाश्या उठल्यासारखा आवाज झाला, असं म्हणतात. तातू पुढे चर कापी, मागे पुरुष नळ टाकत, त्यांच्या मागे बाया माती ओढत. धुळीने तातू लाल झाला, डोळे तेवढे माणसाचे राहिले. दुपारी पेट्रोल संपलं, तरी मशीन थांबली नाही, असं म्हणतात. सूर्य डोंगराला टेकला आणि तिथेच खोळंबला, असंही म्हणतात.

शेवटची वीस पावलं राहिली आणि साखळी तुटली. तेव्हा धाकू गावकर स्वतः कुदळ घेऊन चरात उतरला. त्याच्या मागे अख्खी वरची वाडी. आधी चेष्टा करणारेही त्यात होते.

चर बुजला, मग सूर्य मावळला.

बाळ पाळण्यात निजलं, तेव्हा दारात नळ वाहत होता. मशीन पुन्हा चालली नाही. तातूने ती कधी दुरुस्तही केली नाही.

आजही बेलसुऱ्यात दरवर्षी त्या दिवशी नळाची पहिली घागर वरच्या वाडीत चढवतात, आणि ती पुरुषांनीच चढवायची असते. झिजलेला विळा गावात कुणी मोडीत घालत नाही. गावच्या पाण्याच्या टाकीजवळ तातूची लाकडी पेटी आहे, तिच्यात ठेवतात. पेटी भरत आली आहे. पुन्हा कुणाला चर खणायचा असेल, तर दात तयार आहेत.