गाळलेली ओळ

"आणि हे संपतं कधी, सर?"

सोनगीरकर सर खुर्चीत डोळे मिटून बसले होते.

"काय?"

"भोकं. एक बुजवलं की दुसरं. या वर्षातलं हे बारावं."

खिडकीतल्या कूलरची घरघर तेवढी ऐकू येत होती. धुळ्यातली मे महिन्याची दुपार होती, बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

"ठिगळ वाच," ते म्हणाले.

प्रोग्रॅममधलं भोक बुजवणाऱ्या दुरुस्तीला, पॅचला, सर ठिगळ म्हणतात. पॉलिटेक्निकमध्ये आम्हाला शिकवायचे तेव्हापासून. आम्ही हसायचो. आता मी दिवसभर तेच करते आणि मला दुसरा शब्द सुचत नाही.

प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात एक कर्नेल असतं. त्याच्या परवानगीशिवाय बाकीच्या कुठल्याच प्रोग्रॅमला तिथे काही करता येत नाही. आमचं कर्नेल जगभरातले लोक मिळून लिहितात. त्यातला एक लहानसा तुकडा, मेमरीच्या खोल्या देणारा आणि परत घेणारा, सर गेली सव्वीस वर्षं या खोलीत बसून सांभाळत आले आहेत. लोक बदल पाठवतात. सर नको म्हणतात, क्वचित हो म्हणतात.

पुढच्या महिन्यापासून ते हे काम सोडणार आहेत. डोळ्यांनी साथ सोडली. सांभाळणाऱ्यांच्या यादीत त्यांच्या जागी माझं नाव जायचं आहे.

माझंच का, ते मला अजून कळलेलं नाही. अकरा महिन्यांची मुलगी, तुकड्यातुकड्यांनी मिळून चार तासांची झोप, आणि गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या जिन्यावरून परत वर जाणारी बाई. मी हे सगळं सरांना फोनवर सांगितलं होतं. ते म्हणाले होते, परत वर जाणारीच हवी.

या वेळचं भोक एका परदेशी संशोधक बाईंना सापडलं होतं. त्यांनी आम्हाला गुरुवारपर्यंत मुदत दिली होती. गुरुवारी त्या ते जगाला सांगणार, म्हणजे चोरांनाही कळणार. आज सोमवार. तोवर मोजक्या पाच-सहा जणांबाहेर कुणाला काही कळता कामा नये. फोनवर किंवा मेलवर हे वाचून दाखवता येणार नव्हतं, म्हणून मी जुईला घेऊन माहेरी आले होते. आईचं घर सरांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. सरांच्या पत्नीने, काकूंनी, जुईला आतल्या खोलीत झोळीत घातलं होतं आणि मला म्हणाल्या होत्या, तू बस निवांत. निवांत या शब्दाचा अर्थ मला आता आठवत नाही, पण मी बसले.

सर ठिगळ बघत नाहीत, ऐकतात. डोळे होते तेव्हाही ऐकायचेच. त्यांचं म्हणणं, डोळा घाई करतो, पुढची ओळ आधीच धरून ठेवतो. त्यामुळे सगळं मोठ्याने वाचायचं. कंस उघडा, कंस बंद, अर्धविराम. पाढे म्हटल्यासारखं.

मी आधी जुन्या ओळी वाचायला घेतल्या, जिथे भोक होतं त्या.

भोक समजायला सोपं आहे. लॉजमधली खोली समजा. खोली घेणाऱ्या प्रत्येकाजवळ एक किल्ली. सगळ्या किल्ल्या परत आल्या की मॅनेजरने खोली दुसऱ्याला द्यायची. आमचा मॅनेजर नेहमी नीट वागायचा. फक्त अर्ध्यात काही बिनसलं, पाहुण्याला घाईने निघावं लागलं, की तो एक किल्ली विसरायचा. खोली नव्या पाहुण्याला जायची आणि जुनी किल्ली कुणाच्या तरी खिशात राहायची. मग तो कधीही दार उघडून आत यायचा. नव्या पाहुण्याचं कपाट उघडायचा. मनात आणलं तर मॅनेजरच्या खुर्चीत बसायचा.

तीन ओळी वाचून मी श्वास घ्यायला थांबले. चौथी ओळ सरांनी म्हटली. डोळे मिटलेले. शेवटच्या अर्धविरामासकट.

तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. जुई झाल्यापासून मी सगळ्याची काळजी करते. जिथे करायला हवी ती जागा तेवढी सुटते.

मी पुढे वाचत गेले. मग माझ्या नव्या ओळी. अकरा होत्या. तीन दिवस लागले होते त्यांना. त्यातली दीड रात्र जुईच्या येणाऱ्या दाताने घेतली.

संपलं.

"बरं आहे," सर म्हणाले.

सरांचं बरं आहे मला सहा वर्षांत तिसऱ्यांदा मिळत होतं. मी चेहरा सरळ ठेवला. ते बघत नव्हते तरी ठेवला.

"पुढे?"

"झालं, सर. खाली माझी सही आहे."

"सहीच्या वर?"

मी लॅपटॉपचा पडदा थोडा खाली केला.

"मूळ ओळ वाच, मुग्धा."

प्रत्येक ठिगळाच्या शेवटी एक ओळ लिहायची असते. हे भोक कुठल्या जुन्या बदलामुळे पडलं, त्या बदलाचा क्रमांक आणि त्याचं शीर्षक. आणि त्याखाली, ज्याने तो बदल केला त्याच्या नावाने प्रत.

"ती सापडली नाही, सर."

"हं."

"फार जुनी आहे. चौदा वर्षांपूर्वीची."

सरांचं बोट खुर्चीच्या हातावर एकदा वाजलं.

"ओळ सापडली नाही," ते म्हणाले. "वय सापडलं."

आतून झोळीची करकर ऐकू आली. मग काकूंचं गुणगुणणं, मग परत करकर. मला वाटलं, जुईने आत्ता उठून रडावं. नेहमी उठते. आज नाही उठली.

मी लॅपटॉपकडे बघत सांगायला लागले, की त्या ओळीवाचून ठिगळाचं काही अडत नाही. अकरा ओळी त्याच राहतात, भोक बुजतं. ती ओळ म्हणजे केवळ नोंद.

"कुठे बुजतं?"

"कर्नेलमध्ये."

"कुठल्या?"

"...नव्या."

"आणि जुन्या?"

जुनी कर्नेल दुसरे लोक सांभाळतात. त्यांच्यासमोर रोज शेकड्यांनी ठिगळं येतात. त्यांना सगळं वाचायला वेळ कुठला. ते मूळ ओळ बघतात. भोक कधी पडलं ते त्यावरून कळतं, आणि त्यानंतरच्या ज्या ज्या कर्नेलमध्ये ते असेल तिथे तिथे ते ठिगळ नेऊन लावतात. ओळ नसली की बहुधा पुढे जातात.

हे मला माहीत होतं. मी मनाशी ठरवलं होतं, की नंतर, जरा सगळं शांत झालं की, त्यांना वेगळं कळवीन. जरा सगळं शांत झालं की करायच्या माझ्या कामांची यादी जुईपेक्षा मोठी आहे. वयानेही.

"जुई पेटीत किती दिवस होती?" सरांनी विचारलं.

हे कुठून आलं ते मला कळेना.

"एकोणीस."

"शेजारी मशीन होतं ना?"

होतं. मीच त्यांना सांगितलं होतं, गंमत म्हणून. जुई सात आठवडे आधी झाली. काचेच्या पेटीत होती, आणि पेटीशेजारी तिचे ठोके दाखवणारं मशीन. सहाव्या दिवशी लाइट गेले, आले, मशीन बंद पडून परत सुरू झालं. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं भराभर वर सरकायला लागली. पलीकडच्या पेटीजवळची बाई हात जोडून उभी होती. मी वाचत होते. कुठलं कर्नेल आहे, कितवं आहे. ठोके परत दिसायला लागेपर्यंत मी ते वाचत होते. घरी कुणाला हे सांगितलेलं नाही. सरांना तेवढं कळवलं, कारण दुसरं कुणी हसलं नसतं.

"कितवं होतं?"

मी सांगितलं. मला अजून पाठ आहे.

"म्हणजे नऊ वर्षांपूर्वीचं."

"हो."

"भोक चौदा वर्षांचं."

"...हो, सर."

"त्या पेटीत आज कोण आहे?"

कूलर घरघरत होता. मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"कुणाचं तरी बाळ असेल."

काकू दारात येऊन पन्हं ठेवून गेल्या. दोघांकडे बघून काही न विचारता गेल्या.

मग मीच बोलले. एकदा सुरू झाल्यावर थांबता आलं नाही. म्हटलं, सर, पुढच्या महिन्यात तुम्ही सोडताय. सव्वीस वर्षं. एवढी भोकं तुम्ही अडवलीत, त्यांचा हिशोब कुठेच नाही, कारण ती पडलीच नाहीत. आणि हे एक तुमच्या हातून पडलं, ते जगभर वाचलं जाणार. लोक मूळ ओळ उघडून बघतात, कुणी केलं होतं हे. शेवटी लक्षात हेच राहणार. आणि ते माझ्या हातून. यादीत माझं नाव लागायच्या आधी.

"म्हणजे माझी अब्रू तू ओळ खोडून राखलीस."

मी नखाने स्पेसबारवरचा डाग खरवडला.

"लिहिली होतीस ना आधी?"

"दोनदा. लिहिली, खोडली. परत लिहिली. परत खोडली."

"गॅससारखी."

"हो."

सरांना हसू आलं. आवाज नव्हता त्याला, खांदे तेवढे हलले.

मी विचारलं, तुम्हाला आधीपासून माहीत होतं का. ते म्हणाले, नाही. चौथ्या ओळीला ओळखलं. आपलाच आवाज होता.

मग त्यांनी तो दिवस सांगितला. पॉलिटेक्निकच्या परीक्षा चालू होत्या. साडेतीनशे पेपर तपासून टेबलावर, आणखी तेवढेच खाली फरशीवर. त्यातच तो बदल लिहिला. दुसऱ्या दोघांनी बघितला, ते बरं आहे म्हणाले. तेही दमलेले असणार.

"दमलेल्या माणसाच्या हातून पडतात ही भोकं," मी म्हणाले. मला त्यांची बाजू घ्यायची होती.

"आणि बुजवायला कोण ताजंतवानं आलंय?"

मी माझ्याकडे बघितलं. डाव्या खांद्यावर पेजेचा वाळलेला डाग होता. केस सकाळी विंचरायचे ठरले होते.

"लिही," सर म्हणाले. "लिही आणि वाच."

मी ओळ लिहिली. तिसऱ्यांदा. बोटांना ती आता पाठ झाली होती.

मग वाचली. बदलाचा क्रमांक, बारा अक्षरं आणि आकडे मिळून, एकेक सुटं. मग शीर्षक. चौदा वर्षांपूर्वीचं, सरांच्या त्या आखूड इंग्रजीतलं.

सर प्रत्येक अक्षराला मान हलवत होते. हजेरी घेताना हलवायचे तशी.

"खाली?"

"खाली प्रत, सर."

"कुणाला?"

आता एक सांगायला हवं. लहानपणी मी सहा वर्षं गाणं शिकले. आमच्या गायनाच्या बाई त्यांच्या गुरूंचं नाव घेताना कानाच्या पाळीला बोट लावायच्या. आम्हालाही लावायला लागायचं. गाणं सुटलं, हे राहिलं. सरांचं नाव घेतलं की माझा हात कानाकडे जातो. ऑफिसमध्ये विचारतात, काय गं, इअरफोन पडला का. सरांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांच्यासमोर मी त्यांचं नाव कधी घेतलंच नव्हतं. समोर सगळे सरच म्हणतात.

"वाच," सर म्हणाले.

"वसंत सोनगीरकर."

आईने कालच मला हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, माहेरी आल्यावर भरतात तशा. त्या वाजल्या.

"काय वाजलं?"

"बांगड्या, सर."

"हात कुठे गेला?"

मी बोट काढायला गेले, पण ते तिथेच राहिलं.

"...कानाला. तुमचं नाव घेतलं ना. सवय आहे."

आत झोळी थांबली होती. जुई गाढ झोपली असावी, किंवा जागी होऊन छताकडे बघत असावी. मी उठून बघायला गेले नाही.

मग सर खुर्चीत पुढे सरकले. डोळे मिटलेलेच होते. त्यांनी मान वळवली, खाली वाकवली, आणि आपला कान माझ्यापुढे केला.

"धरायचाच तर हा धर," ते म्हणाले. "आणि पाठव."