देवदाराएवढी राजकन्या

एका राज्यात, बर्फाच्या डोंगरांखाली, चंद्रकेतू नावाचा राजा होता. एका मांत्रिकाने त्याच्याकडे राजवनातला थोरला देवदार मागितला. राजाने नकार दिला. मांत्रिकाने थोरल्याखालच्या इवल्या रोपाकडे बोट दाखवले. म्हणाला, "हे वाढेल तेवढीच तुझी लेक वाढेल."

राजकन्या पद्मगंधा बारा वर्षांची झाली, पण राहिली गुडघ्याएवढी. शहाणपण आले, उंची आली नाही. राजाने रोपाला दूध घातले, सोन्याचे कुंपण केले, सोबतीला शंभर रोपे लावली. रोप तसूभर वाढले नाही.

तिची दाई तुळाई झुरणीला लागली. एके दिवशी ती वनात जाऊन रोपापाशी बसली. तिथे एक निळा पक्षी बोलू लागला. रोपाच्या शेंड्यावर सकाळपासून सांजेपर्यंत ऊन पडेल त्या दिवशी शाप सुटेल, असे सांगून त्याने तीन कामे नेमून दिली.

पहिले काम नुसते पाहण्याचे. तुळाई दिवसभर बसून राहिली. विडा चघळून होईतोच काय ते ऊन रोपावर पडले. बाकी सारे थोरल्याच्या फांद्यांनी अडवले.

दुसरे काम सोबतीच्या शंभर रोपांचे. तीही उजेडासाठी धडपडून काडीसारखी झाली होती, आणि दूध तीच पीत होती. तुळाईने ती हलक्या हाताने काढून उघड्या उतारावर लावली. रोप पसरू नये, सरळ चढावे, म्हणून उत्तरेला तीन तेवढी ठेवली.

तिसरे काम थोरल्याचे. त्याच्या फांद्या उतरवायला हव्यात, असे तुळाईने राजाला सांगितले.

"हा आमच्या पणजोबांचा वृक्ष आहे."

"आणि ती आपली लेक आहे, महाराज."

राजाने कुऱ्हाड उचलली. पक्ष्याने त्याला अडवले. "एकदम नको. सावलीत वाढलेल्या पानाला भर ऊन सोसत नाही, करपते. दर पौर्णिमेला एकच फांदी."

राजा दर पौर्णिमेला स्वतः झाडावर चढू लागला. पुढच्या वसंतात रोपाला बोटभर पोपटी शेंडा फुटला. त्याच दिवशी राजकन्येचा परकर आखूड झाला. तुळाई नवा शिवायला बसली, पण डोळे भरून आल्याने सुईत दोरा ओवता येईना.

पाचव्या वर्षी थोरल्याचा माथा तेवढा उरला. रोपावर दिवसभर ऊन राहिले आणि शाप सुटला. पुढे झाड झाडाच्या मापाने वाढले, लेक लेकीच्या. मांत्रिक राज्य सोडून गेला, वनात उजेड आला, राजा सुखाने जेवला.

आणि पद्मगंधेची दृष्ट काढायला तुळाईला टाचा उंचवाव्या लागल्या.